मांजराने बोचकारले, तर रेबीजची लस घ्यावी का?

कुत्रा चावला की दवाखान्यात जायचे, हे आता बहुतेक घरांत ठाऊक असते. मांजराच्या बाबतीत मात्र तीच माणसे थांबतात, शेजाऱ्यांना विचारतात, हळद लावतात आणि दोन दिवसांनी विसरून जातात. वाचकांच्या पत्रांतून हा संभ्रम वारंवार दिसतो, म्हणून या वेळी मांजराच्या ओरखड्यासंबंधीचेच प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझी सात वर्षांची मुलगी आमच्या इमारतीच्या जिन्यात राहणाऱ्या मांजरीशी खेळत होती. मांजरीने पंजा मारला आणि मुलीच्या मनगटावर दोन बारीक रेघा उमटल्या. रक्त आले नाही. मांजर चावलेली नाही, नखात विष नसते, उगाच लेकराला सुया टोचू नका, असे सासूबाई म्हणतात. मांजर रोज दिसते, तिला लस कोणी दिलेली नाही. आम्ही काय करावे?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : लस द्यावी आणि पहिली मात्रा आजच द्यावी. त्याआधी घरीच एक काम करायचे आहे, ते म्हणजे जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुणे. घड्याळ लावून धुतल्याशिवाय पंधरा मिनिटे किती मोठी असतात हे कळत नाही. बहुतेक जण एका मिनिटात हात काढून घेतात. रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि साबणाने ते विरघळते, त्यामुळे हे धुणे उपचाराचाच पहिला भाग आहे. धुऊन झाल्यावर पोव्हिडोन आयोडीन लावावे. हळद, चुना, तिखट, तेल किंवा राख यांपैकी काहीही लावू नये, कारण त्यांनी विषाणू मरत नाही, उलट जखम चिडते. जखमेवर घट्ट पट्टीही बांधू नये.

आता सासूबाईंच्या शंकेविषयी. नखात विष नसते हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. रेबीजचा विषाणू असतो तो बाधित प्राण्याच्या लाळेत. परंतु मांजर दिवसातून अनेकदा पंजे चाटते, पंजा ओला करून तोंड पुसते आणि चिडली की फिस्कारते, त्यामुळे नखांवर लाळ असण्याची शक्यता नेहमीच राहते. ओरखड्याने त्वचेचा वरचा थर सुटला की त्या लाळेला आत शिरण्यास वाट मिळते. दुसरी गोष्ट आम्हा डॉक्टरांना नेहमी दिसते. ‘बोचकारले’ म्हणून दाखवलेल्या जखमेत कधी कधी दाताचे टोकही लागलेले असते. मांजराचे दात सुईसारखे बारीक असतात. ते खोल जातात आणि वर मात्र एक ठिपका ठेवतात. झटापटीत पंजा लागला की दात, हे मोठ्या माणसालाही सांगता येत नाही, मग सात वर्षांच्या मुलीकडून ती अपेक्षा कशी करावी?

जागतिक आरोग्य संघटनेने अशा संपर्काचे तीन वर्ग केले आहेत आणि आपल्या देशातील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही त्यांनाच धरून आहेत. प्राण्याला हात लावणे, खाऊ घालणे किंवा त्याने अखंड त्वचेला चाटणे हा पहिला वर्ग असून त्यात लसीची गरज नसते. उघड्या त्वचेवर हलका चावा किंवा रक्त न आलेला ओरखडा हा दुसरा वर्ग, आणि त्यात लस द्यावी लागते. त्वचेच्या आरपार गेलेला चावा किंवा ओरखडा, फाटलेल्या त्वचेला चाटणे, तसेच डोळे, ओठ किंवा तोंडाच्या आतील भागाला लाळ लागणे हा तिसरा वर्ग; त्यात लसीबरोबर जखमेत रेबीजप्रतिबंधक सीरमही, म्हणजे विषाणूला जखमेतच रोखणारे औषध, द्यावे लागते. आपल्या मुलीची जखम, आपण लिहिले त्याप्रमाणे, दुसऱ्या वर्गातील आहे. त्वचा खरोखर खरचटली आहे की नुसती रेघ उमटली आहे, याविषयी संशय असेल तर डॉक्टर जागा धुतल्यावर तिच्यावर स्पिरिटचा बोळा फिरवून पाहतात. चुरचुरले, तर त्वचा उघडी पडली आहे असे धरायचे.

त्वचेत द्यायच्या लसीच्या चार फेऱ्या असतात. पहिली मात्रा ज्या दिवशी मिळते तो शून्य दिवस, आणि नंतर ३, ७ व २८ व्या दिवशी पुढच्या मात्रा. प्रत्येक फेरीत दोन्ही दंडांवर ०.१ मिलिलिटर लस त्वचेत देतात आणि तेथे फुगवटीसारखा लहानसा उंचवटा येतो. काही ठिकाणी हीच लस स्नायूत दिली जाते. तेव्हा शून्य, ३, ७, १४ आणि २८ अशा पाच दिवशी एकेक इंजेक्शन असते. ते मोठ्यांना दंडात आणि दोन वर्षांखालील बाळाला मांडीच्या पुढील-बाहेरील भागात देतात, कुल्ल्यावर कधीही देत नाहीत. दोन्ही पद्धती परिणामकारक आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रे, सरकारी रुग्णालये आणि महापालिकांची रुग्णालये येथे ही लस मोफत मिळते.

मांजर रोज दिसते, हा या पत्रातील सर्वांत उपयुक्त तपशील आहे. तिच्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. बाधित मांजराच्या किंवा कुत्र्याच्या लाळेत विषाणू येऊ लागतो तो आजाराची लक्षणे दिसण्याच्या जेमतेम काही दिवस आधी, आणि लक्षणे सुरू झाली की ते प्राणी थोड्याच दिवसांत मरतात. म्हणून ओरखड्याच्या दिवसापासून दहा दिवसांनंतरही मांजर नेहमीसारखी खात-पीत, हिंडत असेल, तर ओरखड्याच्या वेळी तिच्या लाळेत विषाणू नव्हता असे खात्रीने म्हणता येते. तोवर लसीच्या तीन फेऱ्या झालेल्या असतात. अशा वेळी डॉक्टर पुढची मात्रा थांबवू शकतात. तरीही जिन्यातल्या मांजरींशी खेळणाऱ्या मुलीला २८ व्या दिवशीची मात्रा देऊन टाकावी असे माझे मत आहे, कारण त्या लसीची स्मृती शरीरात राहते आणि पुढच्या वेळी उपचार फार सोपा होतो. मांजर या दहा दिवसांत मेली, आजारी पडली किंवा दिसेनाशी झाली, तर मात्र चारही फेऱ्या पूर्ण करायच्याच.

एक क्रम उलटा होऊ देऊ नका. ‘दहा दिवस मांजर पाहू, मग लस ठरवू’ असे पुष्कळ जण करतात. आधी लस सुरू करायची आणि मग मांजर पाहायची. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचवण्याचा खात्रीचा उपाय आजही वैद्यकाकडे नाही, तेव्हा वाट पाहण्याची जोखीम मुलीच्या वाट्याला देण्याचे काहीच कारण नाही.

प्रश्न : आमचा बोका सदनिकेतच असतो. दर वर्षी त्याला पशुवैद्यांकडून रेबीजची लस देतो आणि कार्डावर नोंदी आहेत. आंघोळ घालताना त्याने माझ्या हातावर खोल ओरखडे काढले, रक्त आले. कुत्र्यांमुळे रेबीज होतो, घरातल्या मांजरामुळे कसा होईल?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : माणसांतील रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के प्रकरणे कुत्र्यांमुळे होतात, हे बरोबर आहे. आपल्या देशात मांजरांना रेबीज होतो तो बहुधा बाधित कुत्र्याने चावल्यामुळेच. म्हणून रस्त्यावर वावरणारे, कुत्र्यांशी गाठ पडणारे मांजर आणि कधी दाराबाहेर न पडलेला, नियमित लस दिलेला बोका यांची जोखीम एकसारखी नाही. परंतु प्राण्याला लस दिली होती एवढ्यावरून तो बाधित नसल्याची हमी मिळत नाही, असे राष्ट्रीय सूचना स्पष्ट सांगतात. लस नीट थंड ठेवली होती का, प्राण्याच्या शरीराने तिला पुरेसा प्रतिसाद दिला का, हे कार्डावर लिहिलेले नसते.

आंघोळीच्या वेळी बोका चिडला म्हणून त्याने ओरबाडले, हे समजण्यासारखे आहे. मात्र आपल्याकडे या कारणाला उपचार ठरवताना वजन देत नाहीत, कारण आजाराच्या सुरुवातीला असलेला प्राणीही छेडल्यावर असाच वागतो. रक्त आलेला खोल ओरखडा तिसऱ्या वर्गात मोडतो. तेव्हा जखम धुऊन बोक्याचे कार्ड घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. बोका खरोखर घराबाहेर गेलेला नाही, लसी वेळच्या वेळी झालेल्या आहेत आणि तो डोळ्यांसमोर आहे, हे पाहून किती उपचार आता द्यायचे आणि काय दहा दिवसांच्या निरीक्षणावर सोपवायचे याचा निर्णय डॉक्टर घेतील. हा निर्णय आपण घरी घेऊ नये इतकेच माझे म्हणणे आहे. आपल्याला मधुमेह असेल किंवा शेवटचे धनुर्वाताचे इंजेक्शन आठवत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण मांजराच्या खोल जखमा लवकर चिघळतात.

प्रश्न : भटक्या मांजराने माझ्या वडिलांच्या गालावर व हनुवटीवर पंजा मारला. डॉक्टरांनी लसीबरोबर जखमेच्या आत सीरमची इंजेक्शने दिली. वडिलांना फार वेदना झाल्या. लस असताना सीरम खरोखर आवश्यक होते का?
(एक वाचक, अकोला)

उत्तर : आवश्यक होते, आणि ते देणाऱ्या डॉक्टरांनी आपल्या वडिलांची योग्य काळजी घेतली. लस शरीराला प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला निकामी करणारी प्रथिने, तयार करायला शिकवते, पण त्याला एक ते दोन आठवडे लागतात. मधल्या काळात जखमेत शिरलेला विषाणू मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत पोहोचू शकतो, आणि तेथून तो मेंदूकडे सरकू लागला की त्याला अडवणे अवघड होते. सीरममध्ये तयार प्रतिपिंडे असतात, जी जखमेतच विषाणूला गाठतात. म्हणूनच सीरम जखमेच्या आत आणि भोवती टोचावे लागते. सगळे दंडात देऊन भागत नाही. चेहरा मेंदूच्या जवळ आहे आणि तेथे मज्जातंतूंचे जाळे दाट आहे, म्हणून चेहरा, मान, हाताची बोटे येथील जखमांत दिरंगाई अजिबात चालत नाही.

सीरमची मात्रा रुग्णाच्या वजनावर ठरते. घोड्याच्या रक्तापासून बनवलेले सीरम किलोमागे ४० आंतरराष्ट्रीय एकके आणि मानवी रक्तापासून बनवलेले किलोमागे २० एकके, असे प्रमाण आहे. प्रयोगशाळेत तयार केलेली एकजिनसी प्रतिपिंडेही आता उपलब्ध आहेत. त्यांतील एक पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतील मासबायोलॉजिक्स या संस्थेबरोबर विकसित केले असून त्याची मात्रा किलोमागे ३.३३ एकके आहे. सीरम पहिल्याच दिवशी द्यावे. काही कारणाने राहिले, तर पहिल्या लसीपासून सात दिवसांपर्यंत देता येते. त्यानंतर देत नाहीत, कारण तोपर्यंत शरीराची स्वतःची प्रतिपिंडे तयार होऊ लागलेली असतात. एखाद्या ठिकाणी सीरम नसल्याचे सांगितले, तर लस तेथेच घ्यावी आणि सीरमसाठी जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. सीरम मिळेपर्यंत लस थांबवणे ही मोठी चूक ठरते.

ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे, म्हणजे कर्करोगावर उपचार घेणारे, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे किंवा एचआयव्हीबाधित रुग्ण, त्यांना रक्त न आलेल्या ओरखड्यातही सीरम द्यावे अशी शिफारस आहे. असे रुग्ण घरात असतील तर डॉक्टरांना ही माहिती न विचारता द्यावी.

प्रश्न : लहानपणी कुत्रा चावल्यावर मला पोटात चौदा इंजेक्शने दिली होती. आता माझे वय सत्तरच्या घरात आहे. मांजराने पिंढरीला ओरबाडले. एकदा लस झाली असल्याने आता दोनच मात्रा पुरतील असे शेजारी म्हणतात.
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपल्याला पूर्ण उपचार घ्यावे लागतील. पोटात दिली जाणारी ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली असे. १९११ मध्ये डेव्हिड सेम्पल यांनी कसौली येथे ती तयार केली होती आणि आपल्या देशात ती २००४ पर्यंत वापरात होती. तिचा परिणाम बेभरवशाचा होता, आणि क्वचित रुग्णांच्या मज्जासंस्थेवर तिचे गंभीर दुष्परिणामही होत. म्हणून ती घेतलेल्या व्यक्तीला आज लस न घेतलेल्या व्यक्तीप्रमाणेच धरतात. शेजारी सांगतात तो दोन मात्रांचा नियम आधुनिक, पेशींवर वाढवलेल्या विषाणूपासून बनवलेल्या लसीचा पूर्ण क्रम घेतलेल्यांसाठी आहे.

आपल्या पिढीतील कित्येक जण केवळ त्या चौदा सुयांच्या आठवणीने दवाखाना टाळतात, आणि नातवंडांनाही तीच भीती देतात. आज पोटात एकही इंजेक्शन देत नाहीत. दंडावर टोचलेली सुई लहान मुलेही सहज सोसतात, हे आपण स्वतः अनुभवून घरच्यांना सांगावे अशी माझी मनापासून विनंती आहे.

प्रश्न : मी गल्लीतील मांजरांना रोज खाऊ घालते, निर्बीजीकरणासाठी पकडून नेते. दोन वर्षांपूर्वी लसीचा पूर्ण क्रम झाला आहे. ओरखडे मात्र वरचेवर होतात. प्रत्येक वेळी लस घ्यायची का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : आपण लसीची कागदपत्रे जपून ठेवली असतील, तर नव्या ओरखड्यानंतर शून्य आणि तिसऱ्या दिवशी अशा दोनच मात्रा पुरतात आणि रक्त आले असले तरी सीरमची गरज नसते. जखम पंधरा मिनिटे धुणे मात्र तेवढेच आवश्यक असते. पूर्ण क्रम संपून तीन महिन्यांच्या आत पुन्हा ओरखडा झाला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मते केवळ जखमेचा उपचार पुरे. अर्थात ते डॉक्टरांनी तारखा पाहून ठरवावे.

आपल्याबरोबर काम करणाऱ्या ज्यांनी अजून लस घेतलेली नाही, त्यांनी ओरखड्याची वाट न पाहता आधीच ती घ्यावी. आपल्याकडे यासाठी शून्य, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी अशा तीन मात्रा देतात. मांजर पकडताना जाड हातमोजे वापरावेत, आणि एरवी माणसाळलेले मांजर अचानक अंगावर धावून येऊ लागले, अंधारात दडून बसू लागले, त्याचा आवाज बदलला, लाळ गळू लागली किंवा मागचे पाय ओढत चालू लागले, तर त्याला स्वतः पकडू नये, पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवावे. आपण खाऊ घालता त्या मांजरांनाही लस टोचून घेतलीत, तर गल्लीतील मुलांचेही रक्षण होईल. गोव्यात कुत्र्यांच्या सामूहिक लसीकरणाची मोहीम वर्षानुवर्षे चिकाटीने चालवली गेली आणि माणसांतील रेबीज तेथे जवळजवळ नाहीसा झाला; २०२१ मध्ये ते राज्य रेबीजनियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. मूळ रोखले की मांजरेही सुरक्षित होतात, याचा हा पुरावा आहे.

प्रश्न : मी पाच महिन्यांची गरोदर आहे. मांजरीच्या पिल्लाने पायावर ओरखडले. पिल्लू दीड महिन्याचे असेल. गरोदरपणात लस चालते का, आणि काही पथ्य असते का?
(एक वाचक, लातूर)

उत्तर : चालते. या लसीत मारलेला विषाणू असतो आणि गरोदरपणात किंवा बाळाला अंगावर पाजत असताना ती निर्धोकपणे देतात. गरज असल्यास सीरमही देतात. पिल्लू लहान आहे म्हणून त्याला रेबीज होत नाही असे मुळीच नाही. खाण्यापिण्याचे कोणतेही पथ्य नसते. फक्त आपण मलेरियासाठी क्लोरोक्विन किंवा संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेत असाल तर आधी सांगावे, म्हणजे डॉक्टर लस त्वचेत न देता स्नायूत देतील.

प्रश्न : माझ्या मुलाला मांजरीने हातावर बोचकारले. लस सुरू केली. दोन आठवड्यांनी त्याच्या काखेत गाठ आली आणि थोडा ताप आहे. ही रेबीजची सुरुवात तर नाही ना?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : रेबीजमध्ये काखेत गाठ येत नाही. आपण वर्णन केलेले चित्र बहुधा बार्टोनेला नावाच्या जिवाणूमुळे होणाऱ्या आजाराचे आहे. हा जिवाणू मांजरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो आणि विशेषतः पिल्लांच्या ओरखड्यातून मुलांच्या शरीरात जातो. ओरखड्याच्या जागी बारीक पुळी येते आणि एक ते तीन आठवड्यांत त्या बाजूची लसिकाग्रंथी सुजते. निरोगी मुलांत तो बहुधा आपोआप बरा होतो, काही वेळा प्रतिजैविक द्यावे लागते. तरीही मुलाला बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण आपल्याकडे काखेतील किंवा मानेतील गाठ क्षयामुळेही येते. रेबीजच्या लसीच्या उरलेल्या मात्रा यामुळे थांबवू नयेत.

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी अनोळखी मांजराने हाताला ओरबाडले होते, थोडे रक्तही आले होते. तेव्हा लक्ष दिले नाही. आता रेबीजविषयी वाचल्यापासून झोप लागत नाही. आता उशीर झाला का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : उशीर झालेला नाही. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा दोन ते तीन महिने लागतात, पण हा काळ एका आठवड्याइतका थोडा किंवा वर्षभराइतका मोठाही असू शकतो. म्हणून कितीही दिवसांनी रुग्ण आला तरी जखम आजच झाली असे समजून उपचार द्यावेत, अशी मार्गदर्शक सूचना आहे. ते मांजर कोणाचे होते हे आठवत असेल आणि आज ते जिवंत व धडधाकट असेल, तर आपल्याला त्या ओरखड्यापासून काहीही धोका नाही, आणि आजपासून निश्चिंत झोपावे. मांजराचा ठावठिकाणा नसेल, तर उद्या सकाळी जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन हीच हकीकत डॉक्टरांना सांगावी. आपल्याला पूर्वी आधुनिक लस मिळालेली नसेल तर ते लस सुरू करतील आणि जखमेच्या जागी सीरमही देतील. त्यानंतरच्या तारखा कार्डावर लिहून घ्या. मधली एखादी मात्रा चुकली, तर घाबरून क्रम पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही. आठवण होताच ती मात्रा घ्यावी आणि पुढचा क्रम तसाच चालू ठेवावा.